गजाआडची ग्रंथशाळा

भिवंडीहून ठाण्याला निघालात, कशेळीचा पूल ओलांडून शहरात शिरलात, की काही वेळाने मध्यवर्ती कारागृहाची जुनी भिंत लागते. भिंत मूळची किल्ल्याची. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, पुढे तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचा तुरुंग केला. त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये याच किल्ल्यातून निसटले. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी झाली. तुरुंग म्हटला की आपल्याला आठवतात त्या अशा दोन तऱ्हेच्या गोष्टी, एक पळून जाण्याची आणि दुसरी प्राण देण्याची. तिसरी एक गोष्ट आहे. ती नुसती बसून लिहिण्याची आहे म्हणून तिचे पोवाडे होत नाहीत.

वाचकहो, आपल्या घरातले पुस्तकांचे कपाट जरा उघडून पाहा. मराठी घर असेल तर टिळकांचे ‘गीतारहस्य’ सापडण्याचा संभव पुष्कळ. ते वाचलेले असेलच असे नाही, पण असते खरे! त्याच्या शेजारी विनोबांची ‘गीता प्रवचने’ असतील. खालच्या फळीवर, मुलांच्या हाती लागेल असे, पाने निसटलेले ‘श्यामची आई’ असेल. ही तिन्ही पुस्तके तुरुंगातून आपल्याकडे आली आहेत. पहिले मंडालेहून, दुसरे धुळ्याहून, तिसरे नाशिकहून. पंडित नेहरूंनी मुलीला लिहिलेली जगाच्या इतिहासाची पत्रे नैनी, देहरादून अशा तुरुंगांतली, आणि मौलाना आझादांचा गाजलेला उर्दू पत्रसंग्रह आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यातला. धर्माचे शिक्षण, जगाचे राजकारण आणि संकटात माणसाने कसे उभे राहावे, हे तीन विषय एरवी वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवायचे. तुरुंगातून आलेल्या पुस्तकांत ते एकमेकांत मिसळून गेलेले आहेत. ते का, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आरंभ मंडालेपासून करू. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. नऊ पंचांपैकी सात जणांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती. मुंबईच्या गिरणी कामगारांनी या शिक्षेविरुद्ध सहा दिवस काम बंद ठेवले, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. ही बातमी फार दूर गेली. तेव्हा जिनीव्हात राहणाऱ्या लेनिनने जगाच्या राजकारणातील स्फोटक द्रव्यांविषयी एक लेख लिहिला, त्यात टिळकांच्या खटल्याची आणि मुंबईच्या कामगारांची दखल घेतली. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या आमच्या गावाला हे मुद्दाम सांगावेसे वाटते. सुताच्या आणि कापडाच्या धंद्यातला माणूस जगाच्या राजकारणात प्रथम दिसला तो एका संपादकाच्या तुरुंगवासाच्या निमित्ताने.

आता इतिहासाचा एक खेळ पाहा. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा आणि त्यांना ठेवले मंडालेला, ब्रह्मदेशाच्या राजांच्या जुन्या राजधानीतल्या किल्ल्याच्या आतल्या तुरुंगात. त्याच मंडालेचा शेवटचा राजा थिबा. त्याला १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केले आणि आणून ठेवले रत्नागिरीला! रत्नागिरीतला थिबा पॅलेस तयार झाला १९१० मध्ये, आणि त्याच वर्षाच्या हिवाळ्यात टिळकांनी मंडालेला ‘गीतारहस्य’ लिहायला घेतले. कोकणातला माणूस राजाच्या गावी कैदी आणि तिथला राजा कोकणात कैदी. साम्राज्य म्हणजे काय, हे मुलांना शिकवायचे झाले तर मी व्याख्या सांगत बसत नाही. नकाशावर या दोन गावांवर बोट ठेवतो आणि थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला एवढे सांगतो.

मंडालेची खोली लाकडी फळ्यांची. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत वारा आत, शिवाय धूळ. टिळकांना मधुमेह, खाण्यापिण्याचे पथ्य कडक. पत्नी सत्यभामाबाई जून १९१२ मध्ये पुण्याला वारल्या, त्याची बातमी त्यांना तिथेच कळली. अशा स्थितीत या माणसाने काय केले म्हणाल तर जर्मन आणि फ्रेंच शिकायला घेतले, पालीचा अभ्यास केला, पेट्यांच्या पेट्या पुस्तके मागवली. पुस्तकांची परवानगी होती, पण सरकारची अट अशी की चालू राजकारणावरचे काही नको. धर्म चालेल, तत्त्वज्ञान चालेल, गणित चालेल. लिहायला शाई नाही, पेन्सिल. सुटे कागद नाहीत. बांधलेल्या, पाने मोजलेल्या वह्या. शके १८३२ च्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे २ नोव्हेंबर १९१० रोजी लेखन सुरू झाले आणि फाल्गुनाच्या अमावास्येला, ३० मार्च १९११ रोजी, पहिला खर्डा पुरा झाला. पाच महिन्यांत पंधरा प्रकरणे!

यावर एक चटपटीत मत नेहमी ऐकू येते. राजकारण लिहायला बंदी होती म्हणून टिळकांनी गीतेच्या पांघरुणाखाली राजकारणच लिहिले, असे म्हणतात. मला हे पटत नाही. १८७२ मध्ये वडील शेवटच्या दुखण्यात अंथरुणावर असताना सोळा वर्षांच्या या मुलाने त्यांना गीतेवरची प्राकृत टीका वाचून दाखवली होती, आणि प्रश्न तेव्हापासूनच मनात होता. लढाईला उभ्या असलेल्या माणसाला सांगितलेला ग्रंथ शेवटी संन्यासच शिकवतो, हे कसे? १९०२ मध्ये नागपूरला आणि नंतर संकेश्वरच्या मठात त्यांनी याच विषयावर व्याख्याने दिली होती. विचार जुना होता, तुरुंगाने दिली ती सवड. ‘केसरी’चा अग्रलेख, नगरपालिका, काँग्रेस, खटले, यांतून ती बाहेर कधी मिळाली नसती. सरकारने शिक्षा म्हणून जे दिले त्यातले नेमके हेच टिळकांनी उचलून घेतले.

आणि ग्रंथ तरी कसा? ‘कर्मजिज्ञासा’ नावाचे दुसरे प्रकरण काढून पाहा. तिथे आरंभीच शेक्सपिअरचे हॅम्लेट आणि कोरिओलेनस भेटतात. बापाच्या खुन्याचा सूड घ्यावा तर तो चुलता आणि आईचा नवरा. मायभूमीवर चालून जावे तर पाप आणि न जावे तर दिलेला शब्द मोडतो. अर्जुनाचा पेच हा कुरुक्षेत्रापुरता नाही, हे टिळक असे दाखवतात. पुढे मिल येतो, स्पेन्सर येतो, कांट आणि ग्रीन येतात. पुष्कळांचे पुष्कळ सुख हीच नीतीची कसोटी मानावी काय, यावर पानेच्या पाने वाद चालतो. शंकराचार्यांशीही तितक्याच आदराने आणि तितक्याच हट्टाने भांडण. भाषा वकिलाची, क्वचित मास्तराची. दमवते, हे मी नाकारत नाही. पण धार्मिक शिक्षण म्हणजे डोळे मिटून मान डोलावणे, अशी ज्याची समजूत असेल त्याने ही भांडणे वाचावीत.

१६ जून १९१४ च्या मध्यरात्री टिळकांना पुण्यात घरी आणून सोडले. वह्या मात्र सरकारने ठेवून घेतल्या. त्या परत मिळतील की नाही, याची चिंता भोवतालच्या माणसांना लागली. टिळकांचे म्हणणे असे की वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे. सिंहगडावर जाऊन बसेन आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा लिहून काढीन. सुदैवाने तशी वेळ आली नाही. वह्या परत आल्या आणि जून १९१५ मध्ये पुस्तक बाहेर पडले.

ज्याच्यावर ती वेळ खरोखरच आली अशा माणसाची गोष्ट मराठी वाचकाला सहसा कोणी सांगत नाही. मौलाना अबुल कलाम आझाद हे १८८८ मध्ये मक्केत जन्मलेले आणि कलकत्त्यात वाढलेले. १९१२ मध्ये त्यांनी ‘अल्-हिलाल’ हे पत्र काढले, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. महायुद्ध सुरू झाल्यावर ते पत्र बंद पडले आणि १९१६ मध्ये मौलानांना बंगालबाहेर काढले. ते रांचीला गेले. तिथे १९१९ अखेरपर्यंत ते नजरकैदेत होते. कुराणाचा उर्दू अनुवाद आणि त्यावरचे भाष्य हे त्यांचे त्या काळातले काम. झडतीत पोलिसांनी कागद नेले. मौलानांनी पुन्हा लिहिले. १९२१ मध्ये पुन्हा अटक, पुन्हा झडती, पुन्हा कागद जप्त. आणि ते परत आले तेव्हा पानांचा नुसता गोंधळ, फाटाफूट, काही ओळखू येईना. टिळक ‘पुन्हा लिहीन’ म्हणाले. मौलानांना पुन्हा लिहावे लागले, आणि ते काही दोन-तीन महिन्यांचे काम झाले नाही. मध्ये काही वर्षे त्यांनी त्या विषयाला हातच लावला नाही. १९२७ च्या सुमारास मन घट्ट करून ते बसले आणि ‘तर्जुमानुल कुराण’चा पहिला भाग १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला, दुसरा १९३६ मध्ये. कुराणाच्या एकशे चौदा अध्यायांपैकी तेविसाव्यापर्यंत ते पोहोचले. पुढचा भाग त्यांच्या हातून झाला नाही. जे झाले त्यात ‘फातिहा’ या सात आयतींच्या पहिल्या अध्यायावरचे भाष्यच एका ग्रंथाएवढे आहे. सर्वांचे पालन करणारा तो एक, आणि सर्व धर्मांचा गाभा एक. वाटा, रीती, विधी तेवढे निराळे. हा त्याचा मुख्य सूर आहे.

टिळक आणि आझाद यांची मते जुळत होती असे मी म्हणत नाही. पण आपल्या धर्माचा मूळ ग्रंथ स्वतः पुन्हा वाचायचा, मधल्या टीकाकारांना बाजूला सारून वाचायचा, आणि तो कैदेत वाचायचा, हे दोघांचे एक आहे. एकाच सरकारने एकाच दशकात दोघांना बसवून ठेवले. एकाच्या वह्या सांभाळल्या, दुसऱ्याचे कागद घालवले.

अंदमानची गोष्ट याहून कडक. तिथे सावरकरांजवळ कागदच नव्हता. कविता भिंतीवर कोरायची आणि पाठ करून ठेवायची. ‘माझी जन्मठेप’ पुष्कळांनी वाचलेले असते, म्हणून त्यावर इथे थांबत नाही.

धुळ्याचा तुरुंग निराळा. १९३२ साल. सत्याग्रही कैद्यांनी तुरुंग भरलेला. त्यांत विनोबा, जमनालाल बजाज, साने गुरुजी. विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायचे ठरवले. २१ फेब्रुवारीला पहिले प्रवचन, १९ जूनला अठरावे. गुरुजींना लघुलेखन येत नव्हते. तरी विनोबा बोलत गेले आणि गुरुजी भराभर लिहीत गेले. टिळकांचा ग्रंथ एकांतातला होता, हा चारचौघांतला आहे. म्हणून दोहोंची भाषा इतकी वेगळी. ‘गीता प्रवचने’मध्ये चूल आहे, शेत आहे, आई आहे, बैल आहे. पंडिताशी वाद नाही. समोर बसलेल्या माणसाला कळले की नाही एवढीच काळजी. विनोबांनी ‘गीताई’ रचली ती आईच्या इच्छेपोटी. संस्कृत कळत नाही, मराठीत गीता हवी, असे ती माउली म्हणत असे. ती १९१८ मध्येच गेली. धर्माचे शिक्षण कोणासाठी, या प्रश्नाचे विनोबांचे उत्तर त्या एका बाईत आहे असे मला वाटते.

गुरुजींचे पाहा. १९३० च्या चळवळीत त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात नेले. तिथे दक्षिणेकडची माणसे भेटली, निरनिराळ्या भाषा कानांवर पडल्या. तमिळांचा ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणला तो त्या दिवसांत. पुढे ‘आंतरभारती’ म्हणून जे स्वप्न ते सांगत, त्याचे बी त्या बराकीत पडले. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी सुरू झाले आणि १३ तारखेच्या पहाटे संपले. दिवसा तुरुंगाचे काम, रात्री लेखन. पाच दिवसांत लिहिलेले पुस्तक इतकी वर्षे टिकते, याचे कारण ते पाच दिवसांत मनात आलेले नव्हते.

नेहरूंची पत्रे ऑक्टोबर १९३० मध्ये नैनीच्या तुरुंगात सुरू झाली. मुलगी तेरा वर्षांची होत होती, आणि कैदी बापाला वाढदिवसाची दुसरी भेट देता येत नव्हती. ९ ऑगस्ट १९३३ रोजी शेवटचे पत्र लिहिले. एकूण १९६ पत्रे. १९३४-३५ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. हाताशी ग्रंथालय नाही, जुन्या टिपणांच्या वह्या आणि स्मरण. त्यात चीन आहे, अरब आहेत, इराण आहे. शाळेच्या पुस्तकात युरोप म्हणजेच जग असे, ते इथे नाही. शेवटी शेवटी तर इतिहास संपून वर्तमानपत्र सुरू होते: जगभरची मंदी, जर्मनीत नुकताच सत्तेवर आलेला हिटलर, पुढच्या लढाईची चाहूल. मराठीत जागतिक राजकारणावर सोप्या भाषेत लिहिलेले काय वाचावे, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी या पत्रांचे नाव आधी घेतो. चुका आहेत, घाई आहे, पण मुलीला समजावून सांगणाऱ्या बापाला खोटे बोलणे जड जाते, हा त्यांचा गुण.

ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू आणि आझाद दोघेही अहमदनगरच्या किल्ल्यात आले. चांदबिबीने लढवलेला हा किल्ला. नेहरूंनी बागेसाठी जमीन खणली तर खाली जुन्या भिंती लागल्या. इथे १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी भारताच्या शोधाचा ग्रंथ लिहिला. तो मराठीत आणला साने गुरुजींनी; म्हणजे एका कैद्याचे पुस्तक दुसऱ्या कैद्याने आपल्या भाषेत आणले. आझादांनी एका मित्राला पत्रे लिहिली. ती पाठवायची सोय नव्हती, तरी लिहिली. ‘गुबार-ए-खातिर’ म्हणजे मनावर साचलेली धूळ, हे त्या संग्रहाचे नाव. त्यात ईश्वराविषयी पत्र आहे आणि चिनी चहाविषयीही. तुरुंगाधिकाऱ्याला त्यांनी ‘चीताखान’ असे नाव देऊन टाकले होते. चांदबिबीच्या काळच्या एका हबशी किल्लेदाराचे ते नाव! एप्रिल १९४३ मध्ये पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजार वाढला तेव्हा अधिकाऱ्याने सुचवले होते, काही विनंती करायची असेल तर सरकारकडे पाठवतो. मौलानांनी विनंती केली नाही. मंडालेच्या कोठडीत टिळकांना आलेली बातमी आणि नगरच्या किल्ल्यात मौलानांना आलेली बातमी, दोन्ही एकामागून एक वाचाव्यात.

हे सगळे भिवंडीतून का सांगतो, तेही सांगायला हवे. हे गाव पूर्वीपासून मिश्र. खाडीकाठचे कोकणी मुसलमान, भोवतालच्या खेड्यांतले आगरी, अठराशे सत्तावन्ननंतर उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली. माग सगळ्यांचे एकाच लयीत चालतात. आणि याच गावात ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली, पुष्कळ माणसे मेली, न्यायमूर्ती मादन यांनी तिची चौकशी केली. १९८४ मध्ये पुन्हा तेच. मग १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना हे गाव शांत राहिले. त्याचे श्रेय मोहल्ला समित्यांना दिले जाते, आणि त्या उभ्या करणारे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मुंबई जळाली, भिवंडी का जळाली नाही, याच प्रश्नावर पुस्तक लिहिले आहे. संकटातून बाहेर पडण्यावरच्या पुस्तकांत आमच्या गावाचेही एक आहे, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते.

समित्यांत माणसे शेजारी बसली. पुस्तके मात्र अजून शेजारी बसलेली नाहीत. मराठी कपाटात ‘गीतारहस्य’, उर्दू कपाटात ‘तर्जुमान’, आणि दोन्ही घरे एकाच गल्लीत. माझ्या वर्गात उर्दू शाळांतून आलेली मुले असतात. टिळकांच्या पेन्सिलीची आणि मोजलेल्या पानांची हकीकत सांगितली की त्यांच्यातला कोणी ना कोणी मौलानांच्या चिमण्यांची गोष्ट काढतो. मराठी शाळेतल्या मुलांनी ती ऐकलेलीच नसते. म्हणून तो मुलगा ती सर्वांना सांगतो. नगरच्या किल्ल्यात मौलानांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी बांधली. काडीकचरा सगळा अंथरुणावर. मौलाना छत्री घेऊन, काठी घेऊन लढले, हरले, आणि शेवटी तह केला. तांदळाचे दाणे टाकायला लागले. आधी लांब, मग जवळ, मग थेट बसायच्या जागेपाशी. चिमण्या भीत भीत पुढे आल्या आणि काही दिवसांनी अंगाखांद्यावर बसू लागल्या.

साने गुरुजींनी मराठी वाचकांसाठी पैगंबरांच्या जीवनावर ‘इस्लामी संस्कृती’ लिहिले, आणि विनोबांनी मूळ अरबी कुराणाचा अभ्यास करून ‘कुराणसार’ काढले. वाचनालयात गेलात तर ‘गीता प्रवचने’बरोबर ही दोन्ही मागून पाहा.